पाण्याची चावी कोणाच्या हाती?

(ऊस विकास विभागाकडून)

गेल्या मे महिन्यात, गाळप आटोपून बिलांची धावपळ संपल्यावर आम्ही चार दिवस डोंबिवलीस आमच्या आक्कांकडे जाऊन आलो. आपल्या कार्यक्षेत्रातील बऱ्याच घरांतला एखादा मुलगा, एखादी लेक आज ठाणे, कल्याण नाहीतर डोंबिवलीला आहे. तेव्हा तिथली हकीकत सभासद बंधू-भगिनींना परकी वाटणार नाही.

पहिल्याच पहाटे पाचला दाजींनी आम्हास हलवून उठवले. "उठा, पाणी आलं." पाहुण्याला असे उठवतात होय, असे आम्ही म्हटले, तर म्हणाले, "खाली चला. तुमचं खातंच ऊसपाण्याचं, बघून तरी ठेवा."

खाली रस्त्यात एक गृहस्थ लोखंडी झाकण बाजूला करून छातीइतक्या उंच चावीने जमिनीखालचा व्हॉल्व्ह फिरवीत होते. तिकडे त्यांना चावीवाले म्हणतात. तोंडाने आटे मोजणे चालू होते. आम्ही विचारले, किती आटे द्यायचे असतात? "या गल्लीला अकरा. बारावा दिला की वरच्या आळीतनं फोन येतात, दहावर थांबलं की खालचे रस्त्यावर येतात." कागदावर कुठे लिहिले आहे काय, तर नाही. सगळे त्यांच्या मनगटात. ते सुट्टीवर गेले की बदली माणसाला आठवडाभर शिव्या खाव्या लागतात, हेही त्यांनीच सांगितले.

पाणी सुरू झाले आणि पाचच मिनिटांत शेजारच्या इमारतीत मोटार घुमू लागली. टाकीवरची नव्हे, थेट नळाच्या जोडणीला लावलेली. ती सुरू झाली की पुढच्या तीन इमारतींच्या नळातून नुसती हवा येते. दाजींच्या इमारतीच्या जमिनीतल्या टाकीत डोकावून पाहिले. बॉल कॉकचा दांडा खाली लोंबत होता, म्हणजे बिचारा पूर्ण उघडा, पण पाण्याचाच पत्ता नाही. दाजी म्हणाले, "आता यांनी लावली म्हणून उद्या आमचेही लोक लावणार."

आम्हास एकदम गावाकडची आठवण झाली. आपल्याकडच्या एका उपसा संस्थेत (नाव घेत नाही, ज्यांना कळायचे त्यांना कळेल) हेच चालते. मुख्य पाइपवर चौदा व्हॉल्व्ह आहेत. वरच्या चार-पाच व्हॉल्व्हवरचे सभासद पाळी संपली तरी दोन आटे उघडे ठेवतात. तेराव्या-चौदाव्या व्हॉल्व्हवरच्या आडसाली उसाला मार्च-एप्रिलमध्ये वीस-वीस दिवस पाणी पोचत नाही. ऊस पोंग्यात वाळतो, कांड्या आखूड पडतात, आणि तोच सभासद पुढे आमच्याकडे येऊन विचारतो की नोंद वेळेवर लावूनही एकरी टनेज का बसले नाही. त्याला आम्ही माती परीक्षण सांगतो, बेणे बदला म्हणतो. खरे कारण दोघांनाही ठाऊक असते.

आता याच संस्थेपुढे यंदा एक प्रस्ताव आला आहे. चौदाही व्हॉल्व्ह काढून मोबाइलवरून उघडबंद होणारे विजेचे व्हॉल्व्ह बसवावेत, म्हणजे भांडणे मिटतील, असे विकणारे सांगतात. प्रात्यक्षिकही झाले. बोट लावले की व्हॉल्व्ह बंद, बोट लावले की उघडा. तरुण सभासद खूश आहेत. आमचे मत विचारले गेले, म्हणून हा लेख.

डोंबिवलीला जे पाणी येते त्यातले पुष्कळसे उल्हास नदीचे. त्या खोऱ्यात बदलापूरजवळ औद्योगिक विकास महामंडळाचे बारवी धरण आहे. अंबरनाथ-डोंबिवलीच्या कारखान्यांना, शिवाय कल्याण-डोंबिवली, ठाणे, नवी मुंबई, मीरा-भाईंदर अशा शहरांना त्याचा आधार आहे. तिसऱ्या दिवशी भाच्याने आम्हास मोटारसायकलवरून तिकडे नेले. मे महिना, त्यामुळे पाणी तळाशी गेलेले आणि दरवाजे कोरडे. लांबूनच पाहिले. पण आम्हास पाहायचे होते ते तेच. या धरणाला अकरा स्वयंचलित दरवाजे आहेत. पाण्याची पातळी ७२.६० मीटरला पोचली की ते आपोआप उघडतात. पावसाळ्यात तसे होण्याच्या आधी नदीकाठच्या गावांना सरकारी इशारा जातो, कारण दरवाजा उघडताना तो कोणास विचारीत नाही.

हे दरवाजे नुसत्या लोखंडाचे काम नव्हे. धरणाची उंची वाढवून साठा सुमारे २३४ दशलक्ष घनमीटरवरून सुमारे ३४० पर्यंत नेण्याचे ठरले. भिंत झाली, दरवाजेही बसले; पण ज्यांची घरे-शेते त्या वाढीव पाण्याखाली जाणार होती त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न सुटेपर्यंत ते पाणी अडवता येईना. कित्येक वर्षे असेच गेली. अखेर २०१९ च्या पावसाळ्यात धरण वाढीव उंचीपर्यंत भरले. दरवाजा कोणत्या पातळीला उघडावा हा आकडा यंत्राने ठरवला नाही. तो माणसांना एकमेकांशी बोलून, भांडून ठरवावा लागला. यंत्राने तो फक्त पाळला.

आपोआप उघडणाऱ्या दरवाज्यांची गोष्ट आपल्या महाराष्ट्रात तशी जुनी आहे, आणि ती उसाशीही जोडलेली आहे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे नाव सर्वांना ठाऊक. पण त्यांची नोकरीची पहिली चोवीस वर्षे मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात गेली हे पुष्कळांना ठाऊक नसते. पुण्याच्या सायन्स कॉलेजातून ते १८८३ साली इंजिनिअर झाले, १८८४ ला नाशिकला नेमणूक झाली, आणि धुळ्याकडे पांझरा नदीखालून पाइपने पाणी पलीकडे नेण्याचे काम अगदी सुरुवातीलाच त्यांच्या अंगावर पडले.

पुढे ते पुण्याला आले. तिथे खडकवासल्याच्या तलावाचे दुखणे असे की पावसाळ्यात सांडव्यावरून पाणी वाहून जाई आणि उन्हाळ्यात पुण्याला व कालव्याला तुटवडा पडे. धरण उंच करावे तर खर्च मोठा, आणि जुन्या भिंतीवर जास्त भार किती टाकायचा हाही प्रश्न. विश्वेश्वरय्यांनी भिंतीला हात न लावता सांडव्यावर दरवाजे बसवले. साल १९०३. त्यामुळे साठ्याची पातळी सुमारे ८ फूट चढली आणि साठा सुमारे २५ टक्क्यांनी वाढला, असे त्यांनी १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत सांगितले आहे.

दरवाज्याची युक्ती आपल्या माणसाला मोटेवरून चटकन समजेल. दरवाज्याला साखळीने वजन बांधलेले. दोघांचा तोल साधलेला. वजन लोंबते ते विहिरीसारख्या एका कोठीत. तलाव ठरलेल्या पातळीच्या वर गेला की पाणी त्या कोठीत शिरते. पाण्यात बुडालेली वस्तू हलकी होते. विहिरीत भरलेली घागर पाण्यात असेपर्यंत हलकी लागते आणि पाण्याबाहेर आली की हाताला ओढ बसते, तसेच. वजन हलके झाले की तोल जातो आणि दरवाजा उघडतो. तलाव ओसरला की कोठी रिकामी होते, वजन पुन्हा जड होते, दरवाजा मिटतो. ना इंजिन, ना वीज, ना रात्री कंदील घेऊन धावणारा माणूस. तलावच स्वतःचा पहारेकरी. या रचनेचे त्यांनी पेटंट घेतले होते. पण सरकारी नोकरीत असताना केलेल्या कामावर सरकारकडून मानधन घेणे त्यांना पटले नाही. पुढे ग्वाल्हेरकडील तिगरा आणि म्हैसूरचे कृष्णराजसागर येथेही त्यांच्या पद्धतीचे दरवाजे बसले. खडकवासल्याचे जुने धरण १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात फुटले. वरचे धरणच फुटून आलेल्या पाण्यापुढे कोणत्याही दरवाज्याचे काही चालणारे नव्हते.

आता मुद्द्याकडे येतो. याच विश्वेश्वरय्यांनी त्याच सुमारास नीरा कालव्यावर दुसरे एक काम केले, आणि ऊसवाल्याने ते दरवाज्यांपेक्षा जास्त लक्षात ठेवावे असे आमचे मत आहे. ती म्हणजे ब्लॉक पद्धत. कालव्याच्या तोंडाशी असलेली गावे मनसोक्त ऊस लावीत, शेवटच्या गावांपर्यंत पाणी पोचत नसे. त्यांनी गावोगावच्या जमिनीचे गट पाडले. गटातल्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात ऊस, बाकीत कमी पाण्याची हंगामी पिके, आणि ऊस दरवर्षी त्याच जागी न ठेवता फिरवायचा. पाणी थोड्यांच्या हातून पुष्कळांच्या शेतात जावे हा हेतू. सुरुवातीला विरोध झाला. ज्यांचा फायदा चालला होता त्यांचा तर होणारच. त्याच इंजिनिअरने खडकवासल्याला पाण्यासाठी दरवाजा केला आणि नीरेवर माणसांसाठी नियम केला. पहिल्याचा पुतळा आपण केला, पंधरा सप्टेंबरला हारही घालतो. दुसरा आपल्याला अजून जड जातो.

मोबाइलच्या व्हॉल्व्हबद्दल आमचा आक्षेप इथेच आहे. तो व्हॉल्व्ह आपोआप चालत नाही. तो लांबून चालतो, एवढेच. खडकवासल्याचा दरवाजा पाण्याचा हुकूम मानीत असे. दाजींच्या टाकीतला बॉल कॉकही पाण्याचाच हुकूम मानतो. मोबाइलचा व्हॉल्व्ह ज्याच्या खिशात मोबाइल त्याचा हुकूम मानतो. आज पाटकऱ्याला दमदाटी करायला निदान बांधावर जावे लागते, चार माणसे बघतात. उद्या घरात खाटेवर बसून दोन आटे जास्त देता येतील आणि कोणास दिसणारही नाही. त्यात पासवर्ड कोणाकडे राहणार, संस्थेच्या सचिवाकडे की चेअरमनच्या पुतण्याकडे, हे त्या प्रात्यक्षिकात कोणी विचारले नाही. आम्हीही नाही, हे कबूल करतो. गाडीत बसल्यावर सुचले.

मग यंत्र नकोच काय? तसे मुळीच नाही. आपल्या शेतात पाण्याचा हुकूम मानणारी यंत्रे आधीच आहेत. आपण त्यांच्याकडे बघत नाही एवढेच. पंपाच्या तळाशी फूट व्हॉल्व्ह आहे. मुख्य पाइपवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आहे, तो पाण्याला एकाच दिशेने जाऊ देतो. चढावर एअर व्हॉल्व्ह आहे. पाइप भरताना आतली हवा बाहेर सोडतो, पाणी आले की त्याचे बोंडूक वर उचलून भोक मिटते, पाइप रिकामा होऊ लागला की खाली पडून हवा आत घेतो. हा नसला तर रिकाम्या पाइपात पोकळी तयार होऊन पाइप चेपतो. आपल्याकडे कित्येक एअर व्हॉल्व्ह गळतात म्हणून लोकांनी त्यांवर डमी मारून टाकल्या आहेत. हा प्रकार म्हणजे कुकरची शिट्टी वाजते म्हणून ती बंद करून टाकण्यासारखा आहे.

या बाबतीत आमची फजिती सांगण्यासारखी आहे. वीसेक वर्षांपूर्वी, शेतकी पदविका घेऊन नुकतेच ॲग्री ओव्हरसिअर म्हणून लागलो होतो. एका उपसा योजनेच्या उद्घाटनाला पाहुण्यांपुढे हुशारी दाखवावी म्हणून आम्ही पूर्ण दाबाने चाललेल्या पाइपवरचा व्हॉल्व्ह एका झटक्यात बंद केला. पाइपात धडधड असा आवाज झाला आणि खालच्या बाजूचा जोड सुटून पाण्याचा फवारा थेट मांडवात. पाहुणे भिजले, पेढे भिजले. असे का झाले ते नंतर पुस्तकात वाचले. रशियन शास्त्रज्ञ झुकोव्हस्की यांनी मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या पाइपांवर १८९७-९८ साली प्रयोग करून याचा हिशेब मांडला होता. लोखंडी पाइपात सेकंदाला एक मीटर वेगाने जाणारे पाणी एकदम अडवले तर सुमारे दहा किलोचा जादा दाब उठतो. पीव्हीसीला थोडा लवचीकपणा असल्याने तोच धक्का तीन-चार किलोचा बसतो, पण जुना जोड उडवायला तेवढाही पुरतो. वीज अचानक गेली की हाच घण उलट्या बाजूने बसतो. म्हणून व्हॉल्व्ह आटे मोजत, सावकाश बंद करायचा. विजेचा व्हॉल्व्ह घेतलाच तर तो किती सेकंदांत मिटतो हे विकणाऱ्याकडून लिहून घ्या. प्रात्यक्षिकातला फारच चटकन मिटत होता, तेव्हाच आमच्या पोटात गोळा आला.

आमची शिफारस दुसऱ्या जातीच्या व्हॉल्व्हची आहे. ज्यांच्याकडे ठिबक आहे त्यांनी कधी दाब-नियंत्रित ड्रिपर कापून पाहावा. आत रबराचा एक चिमुकला पडदा असतो. दाब वाढला की पडदा दबून वाट अरुंद करतो, दाब घटला की वाट मोकळी होते. त्यामुळे लॅटरलच्या पहिल्या उसाला आणि शेवटच्या उसाला ताशी सारखेच पाणी पडते. एवढ्याशा पडद्याला शेत कोणाचे, बांध कोणाचा, काही कळत नाही. हेच तत्त्व मोठ्या व्हॉल्व्हलाही लावता येते. वरच्या व्हॉल्व्हवर दाब जास्त, म्हणून तेवढ्याच आट्यात तिथे पाणी जास्त जाते. आपल्या निम्म्या भांडणाचे मूळ हेच, चोरी नंतरची. ठरल्यापेक्षा जास्त प्रवाह जाऊच न देणारे व्हॉल्व्ह मिळतात. निदान वरच्या पाच ठिकाणी ते बसवावेत, प्रत्येक ठिकाणी मीटर असावा, आणि दोन्हींना संस्थेचे सील असावे. २००५ च्या कायद्याने पाणी वापर संस्थांना पाणी मोजूनच द्यायचे ठरले आहे. सरकारने आपल्याला मोजून द्यावे असे आपण म्हणतो, आणि आत आल्यावर आपण न मोजता वाटतो, हे बरे दिसत नाही.

अर्थात मीटर आणि सील फुटतात. गाळ बसला की पडदाही अडकतो. डोंबिवलीला आम्ही होतो त्याच दिवसांत दाजींच्या गच्चीवरच्या टाकीचा बॉल कॉक गंजून अडकला आणि तासभर पाणी गटारात गेले, ज्या इमारतीत सकाळी थेंब नव्हता तिथे! कोणी पाहायचे, फिल्टर कोणी धुवायचा, सील फोडणाऱ्याची पाळी किती दिवस बंद ठेवायची, हे आधी ठरले पाहिजे. पाटकरी हा वरच्या किंवा खालच्या कोणत्याही गटाचा नातलग नसावा. खानदेश-नाशिककडे फडपद्धतीत शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या आपले पाटकरी नेमून पाणी वाटत आले. नाशिक जिल्ह्यात वाघाड धरणावर पाणी वापर संस्थांनी आजच्या काळात ते करून दाखवले. त्यांच्याकडे काही जादूचे व्हॉल्व्ह नव्हते. पाळी कोणाची हे मात्र सगळ्यांना माहीत होते.

पाळी शेवटाकडून सुरू करावी असे आम्ही सुचवतो. चौदावा व्हॉल्व्ह पहिला, पहिला व्हॉल्व्ह शेवटी. जलसंपदा खातेही कालव्यावर हेच सांगते. वरच्याला पाणी चुकत नाही, ते त्याच्या दारावरून जाणारच आहे. खालच्याचे मात्र एकदा चुकले की चुकले. यावर वरच्या सभासदांचे म्हणणे असे की शेवटचे लोक पहिल्यांदा घेतील आणि वीज गेली तर आमचे राहील. हे म्हणणे खोटे नाही. त्यासाठी वीज गेल्याचे तास मोजून पाळी तेवढी पुढे सरकवावी, दिवसाचा हिशेब न धरता पंपाच्या तासांचा धरावा. मीटर असला तर तासांचीही गरज नाही, सरळ घनमीटर धरता येतील.

मोबाइलचा प्रस्ताव वार्षिक सभेपुढे यायचा आहे. त्याआधी पाळीचा निर्णय व्हावा म्हणून संचालकांच्या सूचनेवरून आम्ही चौदा व्हॉल्व्हचे कच्चे पाळीपत्रक तयार करून गट कार्यालयाच्या फलकावर लावले आहे. हरकती लेखी द्याव्यात, तोंडी सांगून जाऊ नये. तोंडी सांगितलेले आम्ही ऐकतो, पण सभेपुढे ठेवता येत नाही. क्षेत्र चुकीचे लागले असेल तर सात-बारा सोबत जोडावा.

सभासदांना नंतर बाहेरून कळण्यापेक्षा आमच्याकडूनच कळलेले बरे म्हणून सांगतो. त्या संस्थेत आमचेही वडिलार्जित दीड एकर आहे, वरून तिसऱ्या व्हॉल्व्हवर. नव्या पत्रकात आमची पाळी बारावी लागली आहे. घरच्या मंडळींची पहिली हरकत कालच गट कार्यालयात दाखल झाली.